मावशीचा कणा ताठ असतो : रंगमंचावर सामाजिक वर्ग उभा करताना आवाज आणि शरीर

काही वर्षांपूर्वी मी बसवलेल्या एका एकांकिकेत घरकाम करणाऱ्या बाईची भूमिका होती. भूमिका करणारी मुलगी गुणी आणि मेहनती होती. आम्ही दोघांनी मिळून त्या बाईला खांद्यातून वाकवलं, तिची मान खाली घातली, प्रत्येक 'ण'चा 'न' केला आणि चालताना पाय ओढायला लावले. प्रयोगाला टाळ्या पडल्या. नंतर विंगेत आमच्याच एका नटाची आई भेटायला आली. तिने वीस वर्षं लोकांच्या घरची धुणीभांडी केली आहेत. मुलीच्या पाठीवरून तिने हात फिरवला आणि जाता जाता मला म्हणाली, "पण दादा, अशी पाय घासत चालले तर चार घरं कशी उरकतील माझी?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. सकाळी सहाला घराबाहेर पडून दुपारच्या आत चार घरांची भांडी, फरशी आणि कपडे उरकणारी बाई भरभर चालते. तिची पाठ दुखत असते, पण ते दुखणं बसताना-उठताना दिसतं. रस्त्याने जाताना तिला दुखायला वेळ नसतो. आम्ही रंगमंचावर आणली होती ती गरिबीबद्दलची आमची दया. ती बाई त्यात कुठेच नव्हती.

तेव्हापासून तालमीत मी दोन गोष्टी वेगळ्या ठेवतो. काम माणसाच्या शरीरात मुरतं आणि कुठेही गेलं तरी सोबत राहतं. वर्ग मात्र आपण कुणासमोर उभे आहोत त्यावर ठरतो, आणि तो आवाजात, अंतरात, थांबण्यात दिसतो. त्यामुळे शरीराचा पाया एकच ठेवायचा आणि आवाज माणसागणिक बदलायचा. पुढची सगळी पद्धत यावर उभी आहे. कॉलेजची एकांकिका असो, राज्य नाट्य स्पर्धेचं नाटक असो की सोसायटीच्या गणपतीतला प्रवेश, तीन आठवड्यांची तालीम हातात असेल तर ती नीट जमते.

सरावाचा प्रवेश

कुठलीही मोठी संहिता हातात घेण्याआधी हा सहा वाक्यांचा प्रवेश करून बघा. पुण्यातला फ्लॅट, रविवारची सकाळ. सुनंदा, वय ४६, मूळची लातूरकडची, १८ वर्षं पुण्यात, चार घरी काम करते. मेधा, वय ३४, नोकरदार, सोफ्यावर लॅपटॉप घेऊन बसली आहे. बाजूला चहाचा अर्धा कप.

सुनंदा : ताई, जरा बोलायचं होतं.
मेधा : हं, बोला ना मावशी.
सुनंदा : पाच हजार पाहिजे होते. पगारातून कापून घ्या.
मेधा : पाच? कशाला लागले एवढे?
सुनंदा : पोरीची फी हाय, सोमवारपर्यंत.
मेधा : फी का? बरं, बघते. ह्यांना विचारून सांगते.

मेधा 'मावशी' म्हणते, 'बोला' म्हणते. कुणीही कुणाचा अपमान करत नाही. मुद्दाम असाच प्रवेश घ्यावा. शिव्या देणारी मालकीण आणि रडणारी मोलकरीण असली की वर्ग आयताच दिसतो, नटाला काही शोधावं लागत नाही. इथे शब्द सभ्य आहेत, म्हणून वर्ग शोधायला शब्दांच्या मागे जावं लागतं.

पायरी १ : संहितेतलं व्याकरण वाचा

उभं राहण्याआधी पेन्सिल घेऊन बसा. प्रत्येक वाक्याखाली क्रियापदाला रेघ मारा. सुनंदा म्हणते 'बोलायचं होतं', 'पाहिजे होते'. पैसे तिला आज हवे आहेत, मग हा भूतकाळ कशाला? मराठीत विनंती करताना आपण भूतकाळात सरकतो, म्हणजे समोरच्याला नाही म्हणायला जागा राहते. उलट मेधा म्हणते 'बघते', 'सांगते'. कधी सांगते? ते तिने सांगितलेलं नाही. सोमवार सुनंदाचा आहे. मेधाच्या वाक्यात वारच नाही. ज्याच्या हातात वेळ असतो त्याला तारीख द्यावी लागत नाही. दोघींमधलं नातं या क्रियापदांत आधीच लिहिलेलं आहे. नटाने ते फक्त झाकू नये.

संबोधनंही अशीच तपासा. वयाने बारा वर्षांनी मोठी बाई लहान बाईला 'ताई' म्हणते आणि स्वतः 'मावशी' होते. नात्याचे शब्द घरचे, व्यवहार पगाराचा. लेखकाने 'मावशी, बोल ना' असं एकेरी लिहिलं असतं तर मेधा वेगळी बाई झाली असती. आपल्या भाषेत 'तू', 'तुम्ही', 'आपण', 'अगं', 'अहो', 'साहेब', 'मालक' यांतून माणसाची पायरी एका अक्षरात कळते. तालमीत वाक्य विसरलं म्हणून 'बोला'चं 'बोल' झालं तर ती चूक लगेच थांबवून दुरुस्त करा.

पायरी २ : कामाचा हिशेब

आता प्रत्येक पात्रासाठी एक कागद. गेली दहा वर्षं हे माणूस रोज कोणतं काम करतं, किती तास, बसून की उभं राहून, पायात काय असतं, हाताला काय लागतं? भावना लिहू नका, फक्त काम लिहा.

सुनंदाचं उत्तर साधारण असं येईल : उकिडवं बसून फरशी पुसणं, ओट्याशी उभं राहून भांडी, बादली उचलणं, पिळे मारणं. दुसऱ्याच्या घरात चप्पल दाराबाहेर, म्हणजे दिवसभर अनवाणी, तेही ओल्या फरशीवर. ओल्या फरशीवर वावरणारा पाय टाच आपटत नाही, सपाट पडतो. मनगटं जाड आणि सैल, बोटं साबणाने सुरकुतलेली. आणि हात सतत ओले. म्हणून कुठलीही महत्त्वाची गोष्ट करण्याआधी ती ते पदराला पुसते. बोलण्याआधीसुद्धा. पहिल्या वाक्याची एन्ट्री इथेच सापडते : आधी हात पुसले जातात, मग 'ताई' येतं.

कागदावर लिहून काम शरीरात येत नाही. पहिल्या आठवड्यात नटीने तालमीच्या हॉलची फरशी खरोखर पुसावी, वीस मिनिटं, न थांबता. पुसून झाल्यावर लगेच उभं राहून सहा वाक्यं म्हणावीत. दम कुठे लागतो, कंबर कुठल्या क्षणी सरळ होते, हात कुठे जातात हे दिग्दर्शकाने टिपून ठेवावं. दुसऱ्या आठवड्यात फडकं काढून घ्यायचं आणि शरीरात उरलेलं तेवढं ठेवायचं. जे उरतं तेच पात्राचं बेअरिंग, म्हणजे अंगाची ठेवण.

उकिडवं बसणं वेगळं शिकावं लागतं. फ्लॅटमध्ये वाढलेल्या बहुतेक नटांच्या टाचा उचलल्या जातात, तोल पुढे जातो आणि दोन मिनिटांत चेहरा वाकडा होतो. सवयीचं माणूस टाचा टेकवून बसतं आणि त्याच अवस्थेत भाजी निवडतं, गप्पा मारतं, फोनवर बोलतं. रोज दोन मिनिटांपासून सुरू करून हळूहळू दहावर या. गुडघ्याचा त्रास असलेल्याने हे करू नये. त्याच्यासाठी ब्लॉकिंग, म्हणजे रंगमंचावरच्या जागा आणि हालचाली, बदला, पाट द्या.

कामाचं शरीर दरवेळी वाकलेलं नसतं हे पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं. डोक्यावर चुंबळ आणि हंडा घेऊन चालणारी बाई मानेतून इतकी सरळ असते की नृत्यशाळेत तसा कणा कमवायला वर्षं लागतात. ऊसतोड करणारी बाई कोयता चालवताना कमरेतून वाकते आणि मोळी डोक्यावर घेऊन ट्रॉलीकडे जाताना ताठ होते. एकाच शिवारात, एकाच तासात दोन शरीरं. मार्केट यार्डातल्या हमालाची पाठ पोत्याखाली वाकते, पण रिकाम्या हाताने येताना त्याचे खांदे मोकळे आणि रुंद असतात. कापड गिरणीत साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या विभागात, काम केलेला माणूस घरीही मोठ्याने बोलतो, कारण मागांच्या खडखडाटात वर्षं काढल्यावर कान आणि आवाज दोन्ही त्या पट्टीला बसलेले असतात. १९८२च्या गिरणी संपावरचं नाटक करत असाल तर हा मोठा आवाज रागाचा समजू नका. बायकोला 'चहा दे' म्हणतानाही तो तेवढाच असतो.

मेधाचाही कागद भरा. इथे बहुतेक गट आळस करतात, कारण नटी स्वतःच्या वर्गातली असते आणि 'ते तर मी करतेच' असं तिला वाटतं. मेधाचं काम म्हणजे आठ-नऊ तास स्क्रीन. मान पुढे, खांदे कानांकडे चढलेले, बोटं हलकी आणि वेगवान, पायांत घरातल्या मऊ चपला. ती वस्तूंकडे न बघता वस्तू वापरते. कप कुठेही ठेवते, कारण तो तिथून उचलला जातो. हे 'उचलला जातो' तिच्या शरीरात इतकं मुरलंय की तिला ते माहीतही नाही. अशी बेफिकीर सहजता अभिनयातून आणणं सुनंदाच्या उकिडवं बसण्यापेक्षा अवघड आहे, असं मला आता वाटतं.

पायरी ३ : चालण्यातला वेळ

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात गतीचा, म्हणजे पात्राच्या चालीचा, स्वतंत्र अध्याय आहे. 'कला' हे तिथे वेळेचं माप आहे. उत्तम पात्राचं पाऊल चार कलांचं, मध्यमाचं दोन कलांचं आणि अधमाचं एका कलेचं, असा हिशेब तिथे दिलेला आहे. पाऊल जितकं संथ तितका माणूस मोठा. यातली उत्तम-अधम ही वर्गवारी आपण सोडून देऊ, पण निरीक्षण पक्कं आहे : ज्याच्यासाठी लोक थांबतात तो सावकाश चालतो.

सराव सोपा. एक जण टाळी देत राहतो. दोन नट एका भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत चालतात. एक चार टाळ्यांना एक पाऊल टाकतो, दुसरा दर टाळीला एक. मग अदलाबदल. आता हळू चालणाऱ्याला घाईचा निरोप द्या आणि भरभर चालणाऱ्याला मोकळा वेळ. मोकळ्या वेळातही पाऊल लगेच सैल होत नाही, सवय अंगात राहते. हे हाताला लागलं की ताल सोडा. प्रयोगात कुणी टाळ्या मोजत चालू नये.

रुडॉल्फ लाबान या नृत्यविचारवंताने हालचालीचे चार घटक सांगितले : वजन, वेळ, जागा, ओघ. एखादी हालचाल खोटी वाटली की मी या चार शब्दांनी ती तपासतो. सुनंदाचा हात भरभर चालतो आणि जड असतो. मेधाचाही भरभर चालतो, पण हलका. वेग एक, वजन वेगळं. हा फरक कळला की पाय ओढायची गरज उरत नाही.

पायरी ४ : आवाज

उच्चार सगळ्यात शेवटी. आधी श्वास, मग पट्टी, मग थांबे, मग हेल आणि त्यानंतर उच्चार. हा क्रम उलटा केला की पात्राची नक्कल होते.

सुनंदाचा मूळ आवाज कुठे तयार झाला? शेतात, बांधावरून हाक मारताना; नंतर वस्तीत, नळावर, गल्लीच्या दोन टोकांवरून. म्हणजे तिचा आवाज मोठा आहे. मेधाच्या दिवाणखान्यात तो तिने लहान केलेला आहे. मुळात लहान असलेला आवाज आणि मोठा असून दाबलेला आवाज यांत प्रेक्षकाला फरक ऐकू येतो. तो आणायचा असा : नटीला हॉलच्या बाहेर, मैदानाच्या दुसऱ्या टोकाला उभं करा. तिथून सहा वाक्यं पोटातून, गळ्यावर ताण न देता, खणखणीत हाकेसारखी म्हणू द्या. मग दहा पावलं जवळ. मग आणखी दहा. शेवटी चार हातांवर. श्वास तोच ठेवायचा, फक्त आवाज आवरायचा. चार हातांवर येईपर्यंत वाक्यात असा दाब तयार होतो की 'जरा बोलायचं होतं' हे शब्द दाराला रेटून बाहेर आल्यासारखे ऐकू येतात. मोठ्या नाट्यगृहात शेवटच्या रांगेपर्यंत पोचायलाही हीच युक्ती कामाला येते. तोंडातल्या तोंडात बोललेली नम्रता पाचव्या रांगेपलीकडे जात नाही.

मेधाला आवाज वाढवायची कधी गरजच पडलेली नाही. ती वाक्य सुरू करते ते लॅपटॉपकडे बघत, म्हणजे आवाज समोरच्याकडे फेकलेलाच नसतो. ऐकणाऱ्याने तो जाऊन घ्यायचा.

थांबे सेकंदांनी मोजा. पहिल्या वाक्यानंतर मेधा तीन सेकंद टाइप करत राहते, मग 'हं' म्हणते. 'पाच?' नंतर पुन्हा थांबा. तो थांबा मेधाच्या मालकीचा आहे. सुनंदाने तो भरू नये, खाकरू नये, हात चोळू नये. तिने फक्त वाट बघावी. सुनंदाला स्वतःचा थांबा घ्यायला एक सेकंदही मिळत नाही, म्हणून 'पाहिजे होते' आणि 'पगारातून कापून घ्या' ही दोन वाक्यं जवळजवळ चिकटून येतात. नकार यायच्या आत परतफेडीचं सांगून टाकायचं असतं. एकच मोकळीक द्या : 'कापून घ्या' म्हणताना तिने मेधाच्या डोळ्यांत सरळ बघावं. ती भीक मागत नाहीये, आपल्याच कामाचे पैसे आधी मागतेय. हे एक बघणं संपूर्ण प्रवेशाला उभं करतं.

पायरी ५ : बोली आणि तिचे धोके

'ण'चा 'न' आणि 'आहे'चं 'हाय' केलं की गरीब माणूस तयार झाला, ही आपल्या रंगभूमीची जुनी वाईट सवय आहे. ज्याला आपण शुद्ध मराठी म्हणतो ती पुण्याच्या परिसरातल्या शिकलेल्या, मुख्यतः ब्राह्मण घरांतल्या बोलण्यावर उभी राहिली. बाकीच्या बोली अशुद्ध नाहीत, त्या दुसऱ्या जागच्या आहेत. लातूरकडचा शंभर एकरांचा मालकही 'हाय' म्हणतो. म्हणून आधी जिल्हा ठरवा, वर्ग नंतर. मराठवाड्यात 'काय करायलास' ऐकू येतं, वऱ्हाडात 'काय करून राहिला', कोल्हापूरकडे 'काय कराय लागलाईस'. कोल्हापूरकडच्या बाया 'मी आलो', 'मी गेलो' म्हणतात. वऱ्हाडीत 'डोळा'चा 'डोया' होतो. या सगळ्यांची भेळ करून कुठल्याच गावात नसलेली एक 'नाटकातली गावरान' बोली तयार झाली आहे. तिला तालमीच्या पहिल्याच दिवशी हॉलबाहेर ठेवा. जातीच्या बाबतीत तर आणखी जपून. संहितेत जात लिहिलेली नसताना उच्चारातून ती सुचवणं हा त्या माणसांवर अन्याय आहे, आणि समोर बसलेल्यांना तो लगेच कळतो.

शिकण्याची रीत अशी. त्या भागातलं, त्या वयाचं माणूस शोधा. परवानगी घ्या, कशासाठी हवंय ते सांगा, त्यांच्या वेळेचे पैसे द्या. नाटकातली वाक्यं त्यांच्याकडून वाचून घेऊ नका. त्यांच्या लेकीच्या लग्नाबद्दल, गावच्या जत्रेबद्दल बोलू द्या आणि रेकॉर्ड करा. चार दिवस नुसतं ऐका. मग शब्द न म्हणता, तोंड मिटून, फक्त हेल गुणगुणा. वाक्य कुठे चढतं, कुठे लांबतं, शेवटचा स्वर कसा सुटतो. हेल बसला की निम्मं काम झालं. त्यानंतर पाच-सहा उच्चार निवडा आणि तेवढेच पाळा.

सुनंदा १८ वर्षं पुण्यात आहे. मेधासमोर ती सावरून बोलते; पहिली दोन वाक्यं तिची जवळजवळ पुण्याची आहेत. 'हाय' येतं ते फक्त पाचव्या वाक्यात, पोरीचं नाव निघाल्यावर, सावरणं सुटतं तेव्हा. सहा वाक्यांत एकदाच सुटलेला हा एक शब्द प्रत्येक वाक्यात पेरलेल्या 'हाय'पेक्षा खूप जास्त सांगतो. तो ठासून म्हणू नका. नटीला तो आल्याचं कळूही नये.

आणखी एक बारीक जागा दाखवतो. मराठी 'फ' म्हणताना दोन्ही ओठ मिटतात : फळ, फूल, फणस. इंग्रजी माध्यमात शिकलेल्या अनेकांचा खालचा ओठ वरच्या दातांना लागतो आणि वारा सुटतो. सुनंदा 'फी' म्हणते ती ओठ मिटून. मेधा तोच शब्द परत उच्चारते, 'फी का?', दातांनी. एकच अक्षर, लागोपाठच्या दोन वाक्यांत, आणि दोन शाळांमधलं अंतर ऐकू येतं. कुणीही यावर हसणार नाही, बहुतेकांना ते जाणवल्याचंही कळणार नाही. पण कान ते टिपतो.

उच्चारांवर सगळी भिस्त ठेवू नये याचा जुना धडा बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन' या नाटकात आहे, ज्यावरून पुलंनी 'ती फुलराणी' केलं. तिथे फुलं विकणारी मुलगी प्रतिष्ठितांच्या बैठकीत निर्दोष उच्चारांत बोलते, पण विषय मात्र तिच्या गल्लीतलेच निघतात. उच्चार आधी बदलतात; कशाबद्दल बोलायचं आणि कशाबद्दल गप्प राहायचं हे उशिरा. तुमच्या नाटकात सुनंदाची शिकणारी मुलगी असेल तर ही खूण तिच्यासाठी जपून ठेवा.

पायरी ६ : अंतर, उंबरा आणि कप

सुनंदा कुठे उभी राहते? स्वयंपाकघराच्या दारात, चौकटीला हात न लावता. तिच्या आणि सोफ्याच्या मध्ये सात-आठ पावलं मोकळी. ती हॉल पुसायला रोज तिथे असते, अगदी सोफ्याखाली हात घालते. पण बोलायचं म्हटलं की तीच जागा परकी होते. हे एक अंतर ठेवलं की वाकण्याची, मान घालण्याची गरज संपते. मेधाने 'बसा ना' म्हटलं तर काय होईल, ते एकदा करून बघा. सोफ्याच्या कडेला, पाठ न टेकता, वजन पायांवरच ठेवून बसलेली सुनंदा उभ्या सुनंदापेक्षा जास्त अवघडलेली दिसते. जमिनीवर बसली तर मोकळी होते, पण मग मेधा अवघडते. तिन्ही प्रकार तालमीत करा, मग निवडा.

कपाकडे या. प्रवेश सुरू होताना तो मेधाच्या बाजूला आहे, अर्धा. बोलता बोलता ती तो जमिनीवर ठेवते, न बघता. सुनंदाचं लक्ष त्याच्याकडे जातं. पाय लागून सांडेल. ती पैशांचं बोलतेय, तरी नजर एकदा कपावर जाऊन येते. नेपथ्य, प्रकाश, वेशभूषा यांवर मी इथे लिहीत नाही. चांगला कप, खरा चहा आणि वापरलेली साडी एवढं पुरतं. कडक इस्त्रीची साडी मात्र नको. आणि ती कामावर असताना निऱ्या वर खोचलेल्या असतात, त्याने पाऊल बदलतं, म्हणून पहिल्या तालमीपासून साडीतच करा.

पायरी ७ : तीच बाई, दुसरी जागा

प्रवेश बसत आला की तो बाजूला ठेवा आणि सुनंदाला तिच्या वस्तीतल्या बचत गटाच्या बैठकीत न्या. तिथे ती अध्यक्ष आहे. कुणीतरी हप्ता बुडवलाय. बाकीच्या नटांनी बायका व्हायचं. आता तिचा आवाज मोकळा सोडा, थांबे तिच्या मालकीचे करा, 'बघते' आणि 'सांगते' ही क्रियापदं तिला द्या. शरीर तेच : सपाट पाय, जड मनगट, टाचा टेकलेलं बसणं. बदललं काय? समोरचं माणूस. हे केल्यावर दिवाणखान्यातल्या सुनंदात नटीला काहीतरी राखून ठेवलेलं सापडतं, आणि प्रेक्षकाला ते दिसतं.

मेधालाही तिच्या साहेबांसमोर उभं करा, रजा मागायला. 'सर, जरा बोलायचं होतं' हेच वाक्य द्या. भूतकाळ तिच्याही तोंडी येतो. दोघी नटींनी हे एकमेकींचं बघितलं की मेधा खलनायिका होत नाही, आणि झाली तर नाटक पडतं.

अजून एक कसोटी : दोघींना आनंदाची बातमी द्या. सुनंदाची मुलगी पास झाली. आनंदातही वर्ग दिसतो का? पेढा कसा घेते, कुणाला आधी फोन करते, हसताना तोंडावर पदर जातो की नाही? फक्त दुःखातच गरीब दिसणारं पात्र अजून तयार झालेलं नाही.

वरच्या वर्गाबद्दल थोडं

श्रीमंत माणूस म्हटलं की गाऊन, पाइप आणि गडगडाटी हसू, हेही व्यंगचित्रच. वाड्यातला जुना मालक सहसा आवाज चढवत नाही. चढवायला माणसं ठेवलेली असतात. तो वाक्य अर्धं सोडतो, दुसरे पूर्ण करतात. त्याला खुर्ची शोधावी लागत नाही. नव्याने पैसा आलेला बिल्डर जागा व्यापतो, गाडीची किल्ली आणि दोन फोन टेबलावर ठेवतो, मोठ्याने बोलतो. त्याच्या शरीरात बऱ्याचदा जुनं शेतातलं काम शाबूत असतं, आणि ते एखाद्या क्षणी, जमिनीवरची माती उचलून बघताना, दाखवता येतं. या दोघांना एकच 'श्रीमंत चाल' देऊ नका.

समूहाला वर्ग द्यायचा असेल तर 'घाशीराम कोतवाल' आठवा. १६ डिसेंबर १९७२ला पुण्यात पहिला प्रयोग झालेल्या या नाटकात ब्राह्मणांची रांग हीच भिंत होती. नृत्यदिग्दर्शक कृष्णदेव मुळगुंदांनी त्या रांगेला डुलण्याची लय दिली. एकेकट्याचा अभिनय बाजूला राहिला आणि खांद्याला खांदा लावून झुलणारी सत्ता दिसली; तीच रांग गरज पडेल तेव्हा उघडायची आणि मिटायची. तुमच्या एकांकिकेत सोसायटीची मीटिंग किंवा ऑफिसची लिफ्ट असेल तर प्रत्येकाला वेगळं काही करायला लावण्याआधी सगळ्यांना एक लय देऊन बघा.

शेवटचा आठवडा

रन थ्रूला, म्हणजे न थांबता केलेल्या पूर्ण तालमीला, नाटकातलं काम प्रत्यक्ष करणाऱ्या दोन-तीन जणांना बोलवा. त्यांच्या सोयीची वेळ विचारा. घरकाम करणाऱ्या बायकांना बहुतेक दुपारी दोन ते चार जमतं. रिक्षाचं भाडं द्या, पहिल्या रांगेत खुर्च्या द्या आणि प्रयोग संपल्यावर 'आवडलं का?' असं विचारू नका, त्या 'छान' म्हणतील. विचारा, 'ही बाई कुठे चुकली?' मग गप्प बसा. आमच्याकडे एकदा उत्तर आलं, "फडकं पिळताना तिनं ते दोन्ही हातांनी सारखंच फिरवलं. एक हात धरतो, दुसरा पिळतो." दुसऱ्यांदा आलं, "एवढं बोलून ती तशीच आत गेली? कप नाही उचलला?"

तेव्हापासून आमच्या प्रवेशाचा शेवट असा आहे. मेधा 'सांगते' म्हणून पुन्हा स्क्रीनकडे वळते. सुनंदा ती सात-आठ पावलं ओलांडते, कप उचलते, तळाशी उरलेला चहा सांडू नये म्हणून दुसरा हात खाली धरते आणि आत जाते. कान उंबऱ्यापर्यंत मागे असतात.